कॅसेटीवरची सवत

जुन्या भुताखेतांच्या सिनेमांच्या कॅसेटी जमीर पोटच्या लेकरांवाणी जपायचा. कापसाचे भाव पडले, सरकी काढायची जिनिंग मिल बंद झाली, त्याचं काम गेलं, तरी घाटंजीच्या बाजारात एखादी मिळाली की स्वारी खूश! एका कॅसेटीच्या खोक्यावरच्या चित्रातल्या पांढऱ्या केसांच्या हडळीवर त्याचा भारी जीव. रोज तिला मऊ फडक्यानं पुसायचा, एकटक बघायचा. त्याची बायको नाहिद मनातल्या मनात तिला सवतच म्हणायची. माह्याकडं यानं कधी असं पाह्यलं? एका संध्याकाळी ती गादीवाल्याकडं कापूस पिंजून घरी आली, ती केसांपासून पायांपर्यंत पांढरीफटक होऊनच. लाइट गेलेली. जमीरनं कंदील वर धरला अन् बघतच राहिला. "हालू नोको! हुबेहूब तिच्यावाणी दिसून राह्यली तू!" नाहिदच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंड पुसायला तिनं ओढणी उचलली. पण त्याची नजर तिच्यावरच होती. तिनं ओढणी तशीच सोडली.