अस्सल रत्नागिरी

भर जानेवारीत उसामाच्या खोलीतून हापूसचा वास यायला लागला, तेव्हा खैरुन्निसाने लेकाच्या पलंगाखाली आंब्याची पेटी शोधली. सापडलं ते पेनाएवढं एक नळकांडं. बावीस वर्षांच्या घोड्याला तिने फैलावर घेतलं, तर त्याने फोनवर जाहिरातच दाखवली. काळा गॉगल लावलेला एक हिरो आंब्याच्या बागेत तसल्याच नळकांड्यातून सिगारेटसारखा धूर सोडत होता आणि खाली लिहिलं होतं, 'अस्सल रत्नागिरी हापूस'.

"अम्मी, आपल्या गावाचं नाव बघितलं आणि राहवलंच नाही!"

"अब्बांना येऊ दे, ते दाखवतात तुला रत्नागिरी!"

म्हणाली खरी, पण लगेच पस्तावली. तिच्या नवऱ्याने, मुनाफने, तीस वर्षं सौदीतल्या शराफिया बाजारात आंबे विकले होते. स्थानिकांनाच नोकऱ्या देण्याच्या, सौदीकरणाच्या नियमाने दुकानाच्या गल्ल्यावर सौदी माणूस बसला, तरी पेटीला नाक लावून आंबा कुठला ते सांगायचं काम अजून मुनाफचंच होतं. मात्र विडी-सिगारेटचं नाव काढलं की त्याचं डोकं फिरायचं. आता पोराला पहिल्या विमानाने गावी धाडणार, यात तिला शंका नव्हती.

मुनाफने घरी येऊन सगळं ऐकून घेतलं. जाहिरात दोनदा पाहिली. मग नळकांडं उचललं, डोळे मिटले आणि एक लांब झुरका ओढला. खोकून खोकून तो लालबुंद झाला.



"गाढवा, फसवलं तुला! हा कर्नाटकी आहे!"