सुरकुतीतलं पाणी

विमानं दुरुस्त करणाऱ्या हाल्वरनं विमानाच्या पंखाखालची तोटी दाबून काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल घेतलं आणि उन्हाकडे धरलं. नितळ होतं. त्यानं ते बादलीत ओतलं. मग पंखाचं टोक दोन्ही हातांनी धरून अख्खं विमान गदागदा हलवलं.

"हे कशाला?" वर्नानं विचारलं.

"टाकीच्या आत रबरी पिशवी असते, बाई. थंडीत आक्रसते, सुरकुत्या पडतात. पाणी तिथं दडून बसतं. हलवल्याशिवाय खाली उतरत नाही."

त्यानं पुन्हा तोटी दाबली. या वेळी बाटलीच्या तळाशी चमचाभर पाणी जमलं, पेट्रोलपासून वेगळं. वर्ना ते बराच वेळ बघत राहिली.

मे महिना लागला होता. युकॉन नदीवरचा बर्फ फुटून चार दिवस झाले होते आणि अलास्कातल्या त्या गावाच्या धावपट्टीवर चिखल झाला होता. हिवाळाभर ताडपत्रीखाली उभी असलेली विमानं एकेक करून बाहेर निघत होती. वर्नाचं विमान जुनंच होतं. जानेवारीत ती दक्षिणेकडून एकटीच आली, एका म्हाताऱ्या शिकाऱ्याकडून ते विकत घेतलं आणि गावातच एक खोली करून राहिली. साठीला टेकलेली, मोजकं बोलणारी बाई. तरुणपणी शेतांवर फवारणीची विमानं चालवली होती म्हणे. बाकी कुणी फार विचारलं नाही. या गावात कुणी कुणाला फार विचारत नाही.

पहिल्या दिवशी दोघांनी बर्फावरच्या घसरपट्ट्या काढून चाकं चढवली. शेपटीच्या आत उंदरांचं घरटं निघालं, ओंजळभर कापूस आणि लेंड्या. हाल्वरनं हात घालून शेवटची काडीसुद्धा बाहेर काढली. मग शेपटीकडे जाणाऱ्या पोलादी तारेवरून फडकं कसं फिरवायचं ते त्यानं वर्नाला दाखवलं. तारेचा एखादा धागा तुटलेला असला तर फडकं तिथं अडकतं. तिनं टोकापासून टोकापर्यंत फडकं फिरवलं, आणि न सांगता परत एकदा फिरवलं.

गावातले वैमानिक चेष्टा करायचे, की हाल्वर हल्ली विमान धुवून, वाळवून, इस्त्री करून देतो. पूर्वी तो दिवसाला तीन विमानं हातावेगळी करायचा. आता एकाला दोन दिवस लावायचा. का, ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

दुपारी दोघं चाकाला टेकून कॉफी आणि सुकवलेला रावस मासा घेऊन बसले. वर्नानं विचारलं, हलवायचं राहून गेलं तर काय होतं?

तो म्हणाला, जमिनीवर काहीच होत नाही. यंत्र छान चालतं. विमान वर चढायला लागलं, नाक वर झालं, की पाणी मागं सरकतं आणि नळीत शिरतं. मग यंत्र बंद.

"इथं कधी झालंय असं?"

"मागच्या मे महिन्यात झालं काहीतरी." हाल्वरनं कॉफीचा घोट घेतला. "टपाल नेणारी तरुण मुलगी होती. चढता चढता यंत्र बंद पडलं. सरळ पुढं उतरायचं सोडून परत वळायला गेली. एवढ्या कमी उंचीवर वळता येत नाही."

"मग?"

"जळून गेलं सगळं. चौकशीवाल्यांनी लिहिलं, वैमानिकाची चूक."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

त्या दिवशीही हाल्वरनं तीन विमानं केली होती. तिच्या विमानाची तोटी एकदा दाबली, पेट्रोल नितळ दिसलं आणि त्यानं विमानाच्या तपासणी-वहीत सही केली. पंखाला हातसुद्धा लावला नाही. मुलगी घाईत होती, हसून हात हलवून गेली.

"मला काय वाटायचंय," तो म्हणाला. "त्यांनी लिहिलंय तेच."

वर्नानं मान हलवली. थोड्या वेळानं तिनं तोच प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारला. मुलीचीच चूक होती, अशी खात्री आहे ना? हाल्वर उठला, हात पुसले आणि म्हणाला, हो.

दुसऱ्या दिवशी त्यानं तेल बदललं, पट्टे ओढून पाहिले, अर्धा तास यंत्र जागेवर चालवलं. दोन्ही टाक्या हलवून आणखी तीनदा तपासल्या. पाण्याचा थेंब निघाला नाही. मग त्यानं वहीत लिहिलं, की विमान उड्डाणाला योग्य आहे, कुठलाही दोष नाही. खाली सही केली. वर्नानं वही वाचली, पुन्हा वाचली, आणि शेडमधल्या टेबलावर ठेवली.

गेल्या वर्षापासून हाल्वरनं एक नियम केला होता. सही केलेल्या विमानाच्या पहिल्या उड्डाणात तो स्वतः बसायचा. वर्नाला त्याला बोलवावंही लागलं नाही. तो शेजारी बसला आणि पट्टा आवळला.

विमान हलकेच उठलं. खाली नदीवरून बर्फाचे मोठे तुकडे वाहत होते, पलीकडे काळं जंगल. यंत्राचा आवाज एकसारखा, भरीव. हाल्वरनं कान देऊन ऐकलं आणि कितीतरी दिवसांनी सैल होऊन मागं टेकला.

"यंत्रात काही राहिलं नाही ना?" वर्नानं विचारलं.

"काही नाही. ठणठणीत आहे."

"तसं वहीतही आहे."

"माझ्या सहीनिशी."

"म्हणजे आता काही झालं, तर चूक वैमानिकाची."

तो हसला. नाक अजून वरच होतं. वर्नानं यंत्राला पेट्रोल सोडणारा दट्ट्या सावकाश बाहेर ओढला आणि यंत्राचा आवाज बसत गेला.

"माझ्या लेकीच्या वेळीही त्यांनी हेच लिहिलं होतं," ती म्हणाली.