तळघरातलं पाणी

दिवसभरात तीन घरं तपासून गुडघे बोलायला लागले होते, तरी विक्रीआधी घरं तपासणारा इन्स्पेक्टर चौथ्या घराच्या तळघरात उतरलाच. जमिनीखालचं पाणी जिथे साठतं तो कोपऱ्यातला खड्डा भरून फरशीवर वाहत होता आणि उपसा करणारा पंप ढिम्म पडून होता.

घर विकायला निघालेला मुलगा पायरीवर मटकन बसला. "हेही गिऱ्हाईक गेलं म्हणायचं! दोनदा पंप बदलला साहेब, तरी कोणी बघायला आलं की हेच. आई इथे एकटी असते, माझा जीव टांगणीला. घर विकलं की तिला माझ्याकडे नेणार होतो." एवढं बोलून तो वर फोन करायला गेला.

इन्स्पेक्टरने कपाटामागे वाकून पाहिलं, तर पंपाची पिनच सॉकेटमधून निघालेली. ती लावताच पंप घरघरला आणि पाणी उतरू लागलं. मुलाला हाक मारायला तो वळला, तर जिन्यात कठडा धरून म्हातारी आई उभी.



"त्याला नका सांगू, भाऊ. पिन मीच काढून ठेवते. मला हे घर सोडायचं नाहीये."