हिरवे आबा, जांभळे आबा

हर्षलने केरू आबांचं पोट हिरवं केलं. मग पाठ, मग धोतर, मग दोन्ही वहाणा. आबा हयात नव्हते, त्यामुळे त्यांची हरकत येण्याचा प्रश्न नव्हता.

आबा कम्प्युटरच्या पडद्यावर उभे होते. चांदवडकडच्या त्यांच्या गावात शाळेला त्यांनी जमीन दिली होती, म्हणून शाळेच्या आवारात त्यांचा पुतळा बसणार होता. तो आधी पडद्यावर घडवायचा आणि मग थ्रीडी प्रिंटरवर काढायचा, हे काम सातपूरच्या या शेडमध्ये चालायचं. छिन्नी नाही, माती नाही. पुतळा म्हणजे बारीक चौकटींचं जाळं. त्या चौकटींना रंग देऊन गट पाडायचे. एका क्लिकवर एक गट दिसतो, दुसऱ्या क्लिकवर गायब होतो. ही सोय कामासाठी असते. हर्षल ती न्यायासाठी वापरत होता.

कारण चौथऱ्यावर शिल्पकाराचं एकच नाव मावणार होतं. बाकीचा दगड सरपंच, उपसरपंच, माजी सरपंच आणि नारळ फोडणारे पाहुणे यांनी अडवला होता. "ज्याचं काम जास्त, त्याचं नाव," मालक शेखरभाऊ म्हणाले होते, आणि म्हणताना त्यांनी माहेनूरकडे पाहिलं होतं. किंवा तिच्यामागच्या फॅनकडे. हर्षल तेव्हापासून फॅनवरही खार खाऊन होता.

माहेनूर दिवाळीनंतर कामाला लागली आणि तिला आबांचा चेहरा मिळाला; बाकीचे आबा हर्षलकडे. येणारा-जाणारा, अगदी कुरिअरवालासुद्धा, त्या चेहऱ्यापुढे थांबून "वा" म्हणायचा. धोतराला कुणी वा म्हटलं नव्हतं. त्या धोतरासाठी हर्षल घरी स्वतः धोतर नेसून कपाटाच्या काचेत वळून वळून बघत बसला होता, आणि ही गोष्ट कुणाला सांगण्यासारखी नव्हती.

म्हणून आज हा निवाडा. त्याचं ते हिरवं, तिचं ते जांभळं. रंगवायला त्याने मुद्दाम बारकाव्याची सगळ्यात खालची पातळी धरली. सगळ्यात वरच्या पातळीवर आबांच्या भुवईचा केस न् केस दिसतो. खालच्या पातळीवर आबा म्हणजे कांद्याच्या गोण्यांची थप्पी, चौकटी मोजक्या आणि ऐसपैस. खाली एक चौकट हिरवी केली, की वर तिच्या पोटातल्या सगळ्या बारीक चौकटी आपोआप हिरव्या होतात. तिथे नंतर कुणाचा हात फिरलाय, ते खालून कळत नाही. झटपट काम होतं.

"दादा, गट वरच्या पातळीवर पाडा ना," माहेनूर मागून म्हणाली. "खाली कडा नीट येत नाहीत. माझं काहीतरी तुमच्यात जाईल."

"जाऊन जाऊन किती जाईल?" हर्षल म्हणाला. तिने दादा म्हटलेलंही त्याला खपायचं नाही. त्यात खराखुरा आदर होता.

एवढ्यात शेखरभाऊ आबांच्या बायकोला, बायडाबाईंना, घेऊन आले. पुतळा पास करायचा तो त्यांनीच. शेखरभाऊंनी त्यांना पडद्यासमोर खुर्ची दिली.

हर्षलने वेळ न दवडता सगळ्यात वरची पातळी लावली आणि हिरवं गायब केलं. माहेनूरचं काम मूठभरच आहे हे दिसावं, एवढाच हेतू. आबांचा नुसता चेहरा हवेत तरंगत राहिला. शेखरभाऊ "वा" म्हणाले.

बायडाबाई पडद्याकडे झुकल्या. "फोटूवानी हाय," त्या म्हणाल्या. "पन मला काय कळनार? ह्यांच्या तोंडाकडं कवा बघितलं मी."

हर्षलने जांभळं लपवून हिरवं आणलं. पुढून तोंडाच्या जागी खड्डा दिसत होता, म्हणून आबांना घाईघाईने पाठमोरं फिरवलं.

बायडाबाई खुर्चीतून उठल्या. डोक्यावरचा पदर त्यांनी पुढं ओढला.

"आता हाय," त्या म्हणाल्या. "बाजाराला जाताना म्होरं हे, मागं मी. हीच पाठ बघत जलम गेला." त्यांनी पडद्याला बोट टेकवलं. "आन् ह्यो डावा खांदा. असाच पाडून चालायचे. लय येळा मी म्हनलं, नीट चाला, लोक हसत्यात. ऐकलं नाय."

शेखरभाऊंनी हर्षलच्या पाठीवर थाप मारली. "मिटलं. चौथऱ्यावर नाव तुझं."

हर्षल खांद्याकडे बघत होता. त्याने आबांना दोन्ही खांदे सारखे दिले होते. एका बाजूला केलं की दुसरी बाजू आपोआप तशीच उठावी, अशी सोय चालू ठेवून. परवा माहेनूरने ती सोय बंद केली आणि सगळ्यात वरच्या पातळीवर जाऊन डावा खांदा खाली ओढला. कुठल्याशा लग्नाच्या व्हिडिओत आबा पंगतीत वाढताना पाठमोरे दिसले म्हणे. हर्षलने ती चूक धरली होती, आणि वेळ आली की शेखरभाऊंच्या कानावर घालायची म्हणून जपून ठेवली होती. आता ती चूक त्याच्या गटात हिरवीगार बसली होती.

माहेनूरने पाहिलं. मग बायडाबाईंना पाण्याचा ग्लास आणून दिला. ती भांडली असती तर हर्षलला जरा बरं वाटलं असतं.

"खांदा कोनी केला रं, बाबा?" बायडाबाईंनी विचारलं.

हर्षलने पडद्याकडे पाहिलं. मग माहेनूरकडे. मग परत पडद्याकडे.

"हिरवा आहे, आजी," तो म्हणाला.