निळ्या काचेची एक्केचाळीस मिनिटं

निळ्या काचेतून घेतलेलं चित्रण एक्केचाळीस मिनिटांचं निघालं. लाल काचेचं दोन मिनिटांचं होतं, हिरव्या काचेचंही दोनच.

"मास्तरांना डुलकी लागली वाटतं," क्वेकू म्हणाला आणि लगेच त्याने जीभ चावली.

दुखवट्याच्या काळ्या कापडातली अराबा त्याच्या दुकानातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. येत्या शनिवारी तिच्या नवऱ्याला, एबो मास्तरांना, जाऊन वर्ष होत होतं. त्या दिवशी ती काळं उतरवून पांढरं नेसणार होती. घरावर लावायच्या मोठ्या फलकावर मास्तरांच्या फोटोशेजारी तिला त्यांनी टिपलेला शेवटचा गुरू ग्रह हवा होता, तोही रंगीत. सेकोंडीत क्वेकूइतके चांगले फलक कुणी छापत नसे, आणि दुर्बिणीचं वेडही गावात मास्तरांखालोखाल त्यालाच होतं. वर्षभर कापडात गुंडाळून ठेवलेला मास्तरांचा लॅपटॉप तिने आज त्याच्यासमोर ठेवला होता.

मास्तरांच्या कॅमेऱ्याला रंग दिसत नसत. लाल, हिरवी, निळी अशा तीन काचा त्याच्यापुढे एकामागून एक सरकवायच्या, प्रत्येकीतून दोन मिनिटं काळंपांढरं चित्रण करायचं, आणि तिन्ही एकावर एक बसवली की गुरूचे तांबूस पट्टे उमटायचे. एवढा खटाटोप कशाला, सरळ रंगीत कॅमेरा घ्या, असं सांगून लोक थकले. "त्यात बारकावे मरतात," मास्तर म्हणायचे, आणि विषय संपायचा.

त्या सहा मिनिटांत गच्चीवर कुणी पाऊल टाकलं तरी पडद्यावरचा ग्रह थरथरायचा. म्हणून घरात कडक नियम होता. अराबाने खाली बसून राहायचं. जिना चढायचा नाही. काम संपलं की मास्तर टाचेने गच्चीवर तीनदा ठोकणार, मग तिने मक्याच्या आंबवलेल्या पिठाचं केंके आणि तळलेली मासळी घेऊन वर जायचं. अराबा तर पायसुद्धा खुर्चीवर उचलून घ्यायची. शेजारणी हसायच्या, "नवऱ्याची कसली गं ही दहशत!" दहशत बिलकूल नव्हती. बावीस वर्षांत तिच्यामुळे एकही चित्र हललं नव्हतं, आणि याचा तिला मास्तरांपेक्षा जास्त अभिमान होता.

त्या संध्याकाळी तीन ठोके आलेच नाहीत. तासाभराने न राहवून ती वर गेली, तर मास्तर दुर्बिणीच्या तिपाईशी आडवे पडलेले.

"दिवा फुंकावा तसे गेले," डॉक्टर म्हणाले होते. "त्यांना कळलंसुद्धा नसेल."

वर्षभर अराबा या एवढ्याच बोलण्यावर जगली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तिने ते ऐकवलं होतं. झोप येईना की स्वतःलाही ऐकवायची. दुसरं काही तिच्यापाशी नव्हतं.

क्वेकूने निळं चित्रण लावलं. अराबाने नकळत दोन्ही पाय खुर्चीवर घेतले.

"वहिनी, अहो, हे वर्षापूर्वीचं आहे," तो हसला. "आता नाचलात तरी हलायचं नाही."

पडद्यावर राखाडी गुरू शांत होता. मिनिटभराने एकदम हिसका बसला, ग्रह कडेला सरकला आणि तिथेच थांबला. मास्तर इथे पडले, हे दोघांनाही कळलं. अराबाने डोळे मिटून घेतले. झालं, ती मनात म्हणाली. दिवा फुंकावा तसं.

"सुरुवातीचं चांगलं आलंय," क्वेकू हलक्या आवाजात म्हणाला. "तेवढ्यावर भागेल आपलं. पुढचं सगळं नुसतं..."

तो बोलता बोलता थांबला, म्हणून तिने डोळे उघडले. गुरू थरथरत होता. एकदा, दोनदा, तीनदा. मग शांत. मग पुन्हा तीनदा.

"वारा असेल," क्वेकू घाईने म्हणाला. वारा असता तर मास्तरांनी दुर्बीण बाहेरच काढली नसती. त्याने चित्रण पुढे ओढलं. सातवं मिनिट. तीनदा, मग शांत. बारावं मिनिट. तीनदा, पण फार हळू.

तिपाईच्या पायावर बोटं आपटली तरी गुरू हलतो, हे दोघांनाही ठाऊक होतं. बोटांचा आवाज स्लॅबखाली जात नाही, हेही. हाक मारायला त्यांच्याकडे आवाज उरला नसेल.

सतराव्या मिनिटाला गुरू दोनदाच हलला.

त्यानंतर डिस्क भरून चित्रण आपोआप बंद पडेपर्यंत तो जागचा हलला नाही. इतकं स्थिर चित्र मास्तरांना बावीस वर्षांत कधी मिळालं नव्हतं.

"बंद करतो, वहिनी," क्वेकू म्हणाला. त्याला तिच्याकडे बघवेना.

"मागे घे. सातव्या मिनिटावर."

"वहिनी, कशाला..."

"घे म्हणते ना."

त्याने घेतलं. गुरू थरथरला. एकदा, दोनदा, तीनदा.

अराबाने खुर्चीवरचे पाय खाली सोडले आणि उठून उभी राहिली.

"आले," ती म्हणाली. "आले हो."