दातांत धरलेली तार

तुम्हाला पटायचं नाही, पण एकदा अख्खं सरकार माझ्या अंगातून बोललं आहे. तारयंत्राची नवी लाइन आम्ही जंगलातून ओढत होतो. घरी बायकोचे दिवस भरलेले आणि गोरा साहेब रजा देईना. त्यात वादळाने तार तुटली. मी खांबावर चढलो, एक टोक दातांत धरलं, दुसरं मुठीत. लगेच निरोप अंगातून कडकडत धावू लागले. साहेबाचा हुकूम बरगड्यांतून गेला, कापसाचा भाव पोटातून. मग काळजापाशी गुदगुल्या झाल्या: ‘मुलगी झाली, दोघी सुखरूप.’ आनंदाने ओरडावंसं वाटलं. पण तोंड उघडलं असतं तर सरकार मुकं झालं असतं! माझी ही गोष्ट ऐकून नातवंडांनी टाळ्या पिटल्या. भाजी निवडणारी लेक मान वर न करता म्हणाली, “थापा पुरे, बाबा! तुम्ही घरी आलात तेव्हा मी अंगणात धावत होते. मलाच विचारलंत, ‘तू कुणाची गं?’”