माणशी तीन झाडं

जर्मनीत गांजाची माणशी तीन झाडं घरात लावता येतात. आंकेने तीन लावली, मी तीन. तिच्याच कपड्यांच्या कपाटाला आतून पांढरा रंग दिला, दिवा टांगला, पंखा बसवला.

"आणि माझे कपडे?"

"झाडांना घालू."

झाडं बोटभर झाली आणि आंके वारली. दारावरच्या घंटीशेजारचं तिचं नाव मी काढलं. तिची झाडं मात्र माझ्याच्याने उपटवेनात.

झाडं फुलावर आली तेव्हा एका रविवारी दुपारी, खालच्या मजल्यावर नवीनच राहायला आलेले प्लागेसाहेब वासाचा माग काढत वर आले. कपाट उघडायला लावून त्यांनी झाडं मोजली.

"सहा? घंटीवर तर एकच नाव आहे. तीन उपटा, नाहीतर तक्रार करतो."

"ती माझ्या बायकोची आहेत."

"कुठे आहे बायको?"

"तुम्हीच उपटा," म्हणालो.

ते बाह्या सारून आत वाकले आणि थबकले. मग त्यांनी हळूच टोपी काढली.

"माफ करा हं, बाई," ते कपाटात बघून म्हणाले. मग माझ्यावर डाफरले, "अहो, मग यांचंही नाव लावा की घंटीवर!"

ते गेल्यावर संध्याकाळपर्यंत मी कपाटात डोकं घालून बसलो. मला फक्त झाडंच दिसली.